बीबीले जेवण, मंग मोजणी

हॅलो?

…हॅलो… कोण बोलून राह्यलं?… हे पाहा, ठेवीदार असाल तं साहेब बाहेर गेले आहेत, संध्याकाळी… हां?… कोण?… ताई?

हाव, मीच. गजू… अवं मीच आहे, आवाज बसला थोडा… नाही, सर्दी-बिर्दी नाही. दोन दिवसात बोललोच नाही फारसा, म्हून असन.

मोबाईल बंद आहे ना माझा. कसा लागन?… नऊ दिवस झाले. मधात एकदा चालू केला तं दीडशे मिसकॉल… ठेवीदारच. दुसरं कोण… शिव्या देतात… मी ऐकून घेतो. दोन मिनिटं देतात, मंग त्यायच्यापाशीबी सरतात. आन मंग हळूच विचारतात, साहेब, भेटतीन ना पैसे?… काय सांगू? माहीत नाही म्हणतो.

हा नंबर कुठून काढला तू?… कॅलेंडरवरून. बरोबर, ऑफिसचाच छापला होता मी त्याच्यावर… लटकलंच आहे काय अजून सैंपाकघरात?… काढून टाक… नाही, लोकायसाठी नाही म्हणत. असंच.

उघडलं आहे ना ऑफिस. न उघडून काय करू? घरी बसलो तं प्रेरणा दर पंधरा मिनिटाले चहा ठेवते. इथं बरं आहे. पंखा आहे, फाइली आहेत… हो, बोर्डाले शेण लावलं होतं सोमवारी. तुले कोणी सांगतलं?… नाही, दगड-बिगड नाही. शेणच. मी पुसलं ओल्या फडक्यानं. थोडा रंग निघाला त्याच्यासंगं.

तुमच्या गावात, बीबीत, काय म्हणून राह्यले लोक?… बोल ना, मले काही वाटत नाही… खरंच नाही वाटत ताई. दात काढाच्या आधी डॉक्टर सुई देते ना, तसं झालं आहे. गाल चावला तरी समजत नाही… हां, सांग… सख्ख्या बहिणीच्या गावची पतसंस्था, आन भावानंच डोळे झाकून सही ठोकली… बरोबर आहे त्यायचं. तीन वर्षं मीच केलं ऑडिट. तिन्ही वर्षं 'अ' वर्ग दिला. शालिग्रामनं तो 'अ' पाटीवर रंगवून घेतला, हातभर उंच. लोकायनं तो पाहूनच ठेवी ठेवल्या. आता शालिग्राम पळाला. अध्यक्षच पळाला, तिजोरीत पावणेसहाशे रुपये भेटले. मंग लोक त्या 'अ'च्या मालकालेच शोधतीन ना.

…आजच आहे. तीन वाजता… तहसीलीत. चौकशीचे साहेब तिथंच बसतात. काल तोंडी घेतला जबाब, आज टाइप करून ठेवतो म्हणले. वाचाचा आन सही कराची… हो, त्याच्यावरूनच ठरन ना, कोणाकोणावर गुन्हा टाकाचा ते. सही झाली का झालं.

…सव्वादोन झाले. आहे अजून वेळ. बोल… काय?… भाऊजी म्हणतात?… काय म्हणतात भाऊजी?

…हां… हां… ऐकून राह्यलो, बोल…

…अकीलभाईवर ढकलाचं.

…नाही, चिडलो नाही. समजून घेऊन राह्यलो. म्हणजे मी असं लिहून द्याचं का नोटा एकट्या अकीलभाईनं मोजल्या, मी तिथं नव्हतोच, त्यायच्यावर विश्वास ठेवला आन सही केली. असंच ना?… हो, कागदावर सही आहे त्यायची. असतेच. मोजणारा म्हून त्यायची, तपासणारा म्हून माझी. हरेक पत्रकावर तसंच राहते.

…अवं ऐक ना. अकीलभाई कोण आहेत, विसरली काय? बाबा गावच्या सोसायटीचे सचिव होते तवा त्यायच्या हाताखाली रोजमेळ कोण लिहे? तुले सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत कोण सोडे?… हां, तेच. बाबा गेले आन ते माझ्याकडं आले. एकवीस वर्षं झाले. कम्प्युटर असूनबी रोकड मोजणीचं पत्रक मी त्यायच्याच हातानं लिहून घेतो. अक्षर असं का छापल्यावाणी. म्हून तं सगळ्या कागदावर तेच दिसून राह्यले.

…हो, ते बरोबर आहे भाऊजींचं. काहीच बोलणार नाहीत अकीलभाई. काल त्यायलेबी बोलावलं होतं. सहा घंटे बाकड्यावर बसवलं साठ वर्षाच्या माणसाले. एवढंच म्हणले, 'साहेबाले विचारा.' पाणीबी नाही मागतलं.

…कोणतं पाकीट?… कोण म्हणते, भाऊजी?… अवं नाही. तुझी शप्पथ, रुपया नाही घेतला. फी घेतली, तेबी शालिग्रामनं कापून-कापून दिली… हो, लोकायले तसंच वाटते. ऑडिटर म्हणलं का नाकावर चष्मा, खिशात पाकीट. पिक्चरमधला मुनीम नाही काय पाह्यला आपण लहानपणापासून, मालकाच्या कानाशी लागणारा? तोच बसला आहे लोकायच्या डोक्यात. माझं लग्न ठरलं तवा प्रेरणाच्या मामानं मले कोपऱ्यात घेतलं होतं. म्हणे, पगाराचं जाऊ द्या जवाईबापू, वरचं किती? मी म्हणलं वरचं काही नाही, तं त्याचं तोंडच उतरलं… हाव, तोच मामा. त्याचेबी दोन लाख आहेत याच्यात. 'अ' पाहून ठेवले.

…घेतलं असतं तं बरं झालं असतं ताई. सांगता तं आलं असतं, का याच्यासाठी केलं म्हून. आता कोणी विचारलं तं माझ्यापाशी कारणच नाही.

…शिकवलं नव्हतं काय म्हणती? सगळं शिकवलं. अकोल्याले क्लास होता ना. सर सांगत, हा धंदाच बुडालेल्या कंपन्यायच्या जीवावर वाढला. विलायतेत कंपन्या बुडाल्या, लोकायचे पैसे गेले, मंग राहलेल्याचा हिशेब लावाले कोणी पाहिजे म्हून हे हिशेबनीस पुढं आले. मंग त्यायच्याच डोळ्यादेखत बुडाले लागल्या, तं कोर्टात केस. तिथल्या जज्जानं सव्वाशे वर्षांमागं लिहून ठेवलं, ऑडिटर म्हणजे राखणीचा कुत्रा आहे, शिकारी कुत्रा नाही… खरंच. सीए होणाऱ्या हरेकाले ते पाठ राहते. परीक्षेत आलं होतं. सोळापैकी तेरा मार्क भेटले मले.

आन ते हैदराबादच्या कंपनीचं झालं होतं ना, बँकेत नसलेला पैसा वर्षानुवर्षं कागदावर… तुले कुठून आठवन. पेपरात पानंच्या पानं होती. मी आन अकीलभाई इथंच चहा पिऊन राह्यलो होतो. मी हसलो. म्हणलं, एवढं साधं समजलं नाही काय बे या मोठ्यामोठ्या ऑडिटरायले? अकीलभाईनं बशी खाली ठेवली, म्हणे, 'समजलं असन साहेब, विचारवलं नसन.'

…हां, बोल… काल काय सांगतलं?… काल चौकशीच्या साहेबानं विचारलं, एक एप्रिलले हिवरा आश्रमच्या शाखेची रोकड मोजून झाली साडेदहाले, आन बीबीची मोजाले घेतली दोन वाजता. रस्ता सव्वा-दीड घंट्याचा. मधात कुठं होते?… मी म्हणलं, आठवत नाही. त्यायनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणलं, आठवत नाही. दोनदा लिहून घेतलं त्यायनं. तेच टाइप झालं असन आता.

…हो ना. तुझ्या घरी जेवून राह्यलो होतो. आठवत नाही काय मले? तिन्ही वर्षं. कोणत्या वर्षी वांग्याची भाजी होती तेबी आठवते.

…समजते मले, भाऊजींना भेव कायचं आहे ते. जेवणाचं निघालं का घराचं निघते, घराचं निघालं का गाळ्याचं. शाखा तुमच्याच गाळ्यात, तिचा मागचा दरवाजा तुमच्याच अंगणात… हो, तेच म्हणून राह्यलो.

…नाही, तुले समजलं नाही अजून. ऐक. नियम असा आहे का सगळ्या शाखेची रोकड एकाच टायमाले मोजा लागते. ते नाही जमलं तं जिथली मोजली तिथल्या तिजोरीले सील लावाचं, मंगच पुढं जाचं. लाख, मेणबत्ती, शिक्का, सगळं माझ्या बॅगमधी होतं. शालिग्राम म्हणे, 'साहेब, ठेवीदार येतीन पैसे काढाले, सील लावून कसं चालन? चला तुम्ही, बीबीले जेवण, मंग मोजणी. ताई वाट पाहून राह्यल्या असतीन.' तीन वर्षं हेच. एकाही वर्षी मेणबत्ती पेटवली नाही मी.

…आन मी हात धुवून येईलोक हिवऱ्याची रोकड बीबीच्या तिजोरीत. तेच गठ्ठे ताई. आकडा सारखा दिसू नये म्हून दोन-चार इकडं-तिकडं. सकाळी मोजलेलेच दुपारी पुन्हा मोजले मी. दोन्हीकडं लिहिलं, बरोबर आहे.

राखणीचा कुत्रा म्हणलं ना तुले आत्ता. त्याले पुरणपोळी घातली, आन तो शेपूट हालवत बसला.

…कवा समजलं?… त्याच दिवशी… नाही, नऊ दिवसांमागं नाही. त्याच दिवशी समजलं मले. शेवटच्या वर्षी.

अकीलभाईले रोजा होता. तू त्यायचं ताट वाढून आणलं होतं, आठवते?… हां, आन ते म्हणले, 'नको बाई, रोजा आहे.' जेवणाऱ्यायसमोर कायले बसू म्हून अंगणात निंबाखाली जाऊन बसले. तिथून त्यायले बॅग जाताना दिसली, शाखेच्या मागच्या दरवाज्यातून आतमधी. निळी. चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली. सकाळी हिवऱ्याले त्यायनंच ती सोडली होती, मोजून झाल्यावर गाठबी त्यायनंच मारली होती… हो. आपल्या हातची गाठ माणूस वळखणार नाही काय?

वापस येताना गाडीत सांगतलं मले. 'साहेब, ते सकाळचीच बॅग होती.' मी काय म्हणलं माहीत आहे?… म्हणलं, 'बॅगा सगळ्या सारख्याच राहतात अकीलभाई.' मंग सुलतानपूरले गाडी थांबवा म्हणले, रोजा सोडला. एक खजूर मलेबी दिला.

आन आठ दिवसानं मी 'अ' दिला.

…हॅलो?… हे काय, मले माझाच आवाज वापस ऐकू येऊन राह्यला… ताई, स्पीकर लावला आहे काय?… कोण खोकललं?

…नमस्कार भाऊजी.

नाही, बरं झालं ऐकलं ते. दोनदा सांगा नाही लागत… हो… हो, तुम्ही मोठेच आहात… बाबा गेल्यावर तुम्हीच उभे राह्यले, हो… मी कुठं नाही म्हणलं…

…अकीलभाईच्या घराचं आपण पाहू?… कसं पाहाचं भाऊजी?… नाही, विचारून राह्यलो फक्त. किराणा भरून द्याचा काय?… त्यायची मदिहा सीएची पहिली परीक्षा पास झाली आत्ता. पेढे वाटले त्यायनं ऑफिसात, मलेच दोन चारले. ते पोरगी बापाचं काय सांगन पुढं, जिथं जाईन तिथं?… काय म्हणले?… त्या लोकायले सवय राहते… कायची, जेलाची?… बरं… नाही, ऐकलं मी. ऐकू आलं.

…शालिग्रामनं तुम्हाले काय दिलं, हे मी विचारलंच नाही. नका सांगू… गाळ्याचं भाडं फक्त… बरं… भाऊजी, ओरडू नका. जुना फोन आहे हा, कान दुखते.

…हॅलो?… भाऊजी?… ताई, गेले काय?… चप्पल घालून?… बरं. स्पीकर बंद कर आता.

…रडू नको… त्यायनं लावाले लावला म्हून लावला, समजलं मले… नाही, रागावलो नाही. कोणाचाच राग येऊन नाही राह्यला. आला असता तं बरं वाटलं असतं.

ताई, एक विचारू? खरं सांगजो. दरवर्षी पुरणच काऊन करे तू?… नाही, चांगलंच राहे. म्हून तं विचारून राह्यलो. भाऊजींनी सांगतलं होतं काय, का गजूले वेळ लाव?

…हॅलो… आहेस ना?… नाही सांगतलं?… खरं?… 'सावकाश जेवू दे त्याले', एवढंच?… मंग पुरण?…

…तूच?

…काय म्हणली?… पुन्हा म्हण, खरखर आली… हां… 'वर्षातून एकदाच तं बसे तू.'

…हो… हो ताई. राखीले मी उभ्या-उभ्या येतो. गाडीबी बंद करत नाही दारात, हो. दिवाळीले रिटर्नच्या तारखा राहतात… हो ना. एक एप्रिल हाच एक दिवस… डाळ मुद्दाम उशिरा टाके? मले वाटे तुझा गॅसच मंद आहे… हो, एक पोळी ताटात पडे, ते सरली का मंग दुसरी लाटे तू. मधात आईचं काढे, शाळेचं काढे. मलेबी बरं वाटे वं. वर्षभर कोणी तसं बसवून वाढत नाही मले. उठावंच वाटे नाही.

…भाऊजीले सांगाचं कामच पडलं नाही मंग. त्यायनं एवढंच पाह्यलं, का हे दोघं भाऊ-बहीण एकदा बसले का दोन घंटे हालत नाहीत. बाकी तं आपणच केलं.

…अवं माय, असं नको रडू. कोणी आयकन शेजारी… हां… हां, बोल… काय दिसलं?… कुठं?

…माजघरात. कोठीपाशी.

…मी जेवून राह्यलो होतो तवा?… म्हणजे भिंतीच्या पलीकडंच. शाखेत नेण्याच्या आधी… तू तूप आणाले गेली तवा… सुतळी ढिली झाली होती. नोटा दिसल्या. हो, तीच बॅग… शेवटच्याच वर्षी ना?… हां.

समजलं होतं काय तुले?… समजलं होतं.

…मंग तूप घेऊन आली आन वाढलं.

…नाही, दोष नाही देऊन राह्यलो. खरंच नाही. ताटावर बसलेल्या भावाले काय सांगणार होती तू?… हो. आन मीबी हात धुतल्यावर काय विचारणार होतो? बहिणीच्या घरचं पोटभर जेवलो, इलायची तोंडात टाकली, आन दारातून निघता-निघता भाऊजीले म्हणू, दाखवा बरं ते बॅग? अकीलभाईनं कानात सांगूनबी मी गाडी वापस फिरवली नाही. निस्ता घास आडवा आला.

…बाबा? हो, त्यायचीच आठवण येऊन राह्यली मलेबी. वसुलीले जात तं घरून भाकर बांधून नेत. कोणाच्या दारचं पाणीबी पीत नसत. गावात म्हणत, इंद्रभान सचिव म्हणजे कद्रू माणूस, आपल्या घरी पुन्हा बोलवा लागू नये म्हून दुसऱ्याच्या घरी खात नाही. आपल्यालेबी लाज वाटे त्यायची… हो ना. लग्नात जेवले नाहीत म्हून तू किती रडली होती. मी सीए झालो, मले वाटलं आता एवढं कडक राहाचं काम नाही, आता कायदे आहेत, पत्रकं आहेत.

…किती वाजले?… अडीच होऊन गेले.

आता माझं ऐक. तीन वाजता काय लिहून देणार आहे ते सांगतो, म्हणजे तुले मंग दुसऱ्याकडून समजा नाही लागत. 'आठवत नाही' ते खोडाचं. बीबीले बहिणीच्या घरी जेवत होतो, बारा ते दोन. सील माझ्यापाशी असून लावलं नाही. अकीलभाईनं त्याच दिवशी मले बॅगचं सांगतलं, मी त्यायले गप केलं आन सही केली. झालं, एवढंच… हो, घर कोणाचं हे विचारतीनच. सांगा लागन.

…नाही, माजघरातलं नाही लिहीत. ते मी पाह्यलं नाही, ते तू पाह्यलं. मी पाह्यलं तेवढंच लिहीन. न पाह्यलेलं तीन वर्षं लिहिलं, पुरे झालं… तुझं तू ठरव ताई. सांग म्हून मी नाही म्हणत. नको सांगू म्हूनबी नाही म्हणत.

…हो. भाऊजी जातीन आतमधी… मीबी जाईन बहुतेक. सीएची सनद तं जातेच… प्रेरणाले कालच सांगतलं. ती म्हणे, चहा ठेवू काय?

…हो… समजलं मले. दारात उभं नाही करणार ते मले… तू नाही म्हणत, हो, माहीत आहे. पण दार एकच आहे ना घराले… बरं… नाही येत… राखी पोस्टानंबी नको पाठवू मंग. पाकिटावरून पुन्हा घरात कल्ला होईन. बरं… बरं ताई.

थांब जरा, अकीलभाई आले… हां अकीलभाई, निघतोच. काढा गाडी… हे थैली कायची?… दाखवा… चादर?… आन हे काय, बीपीच्या गोळ्या… ब्रश… कोणी सांगतलं हे आणाले?… कोणीच नाही… ठेवा ते टेबलावर… नाही लागत तुम्हाले. नाही लागत म्हणलं ना. ठेवा, आन गाडी काढा.

…हां ताई. ऐकलं काय?… हो, चादर घेऊन आले… नाही, मी काय लिहिणार हे त्यायले माहीत नाही. विचारलंच नाही त्यायनं. इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, थैली भरली आन आले. एवढा वेळ मी तुझ्यासंगं बोलून राह्यलो, ते तिथं बाहेरच्या खुर्चीवर बसून होते.

…तू काऊन माफी मागून राह्यली?… नको ना… मागाची असन तं त्यायले… हो, सांगतो त्यायले. गाडीत सांगतो.

…ठेव आता. गाडीचा आवाज येऊन राह्यला.

…नाही, तू ठेव… अवं मी ठेवाले पाहून राह्यलो, पण हात खाली जाऊन नाही राह्यला. तूच ठेव…

…तूबी नाही ठेवत…

…बरं. मंग राहू दे थोडा वेळ. काही बोलू नको…

…

…ताई?…

…ठेवला तिनं.